सासऱ्यांच्या रेडिओची तपासणी

तपासनिसांनी उभा जन्म बँकेत दुसऱ्यांच्या चुका शोधण्यात घालवला. ते शाखेत शिरले की तिथल्या मंडळींचे चेहरे पडत आणि न मागता चहा येई. निवृत्त झाल्यावर चुका पुरवणारं कोणी उरलं नाही. घरात बायकोच्या काढून पाहिल्या, पण तो उद्योग पहिल्याच आठवड्यात त्यांना आवरता घ्यावा लागला. मग ते व्हॉल्व्हच्या जुन्या रेडिओंकडे वळले. रेडिओ उलट उत्तर देत नाही, एवढं त्यांना पुरेसं होतं. त्यांनी दुरुस्त केल्यावर तो बहुधा काहीच बोलत नसे, ही गोष्ट वेगळी.

मागच्या खोलीतलं जेवणाचं जुनं टेबल त्यांनी बळकावलं. एका रेडिओवर त्यांनी आख्ख्या बातम्या एरियलची तार मुठीत धरून ऐकल्या होत्या, कारण तार सोडली की निवेदक गप्प होई. "म्हणजे दुरुस्त तुम्ही झालात," बायको म्हणाली होती. 

अशा माणसाच्या हाती सासऱ्यांचा रेडिओ आला.

सासरे गेल्यावर मेहुण्याने त्याची वायर प्लगात घालून पाहिली होती. डायलवरचा दिवा लागला, आवाज मात्र नाही. रेडिओ माळ्यावर गेला. आता मेहुण्याचा एक मित्र हॉटेल काढत होता. त्याला दर्शनी भागात ठेवायला असं लाकडी खोकं हवंच होतं. आतलं सगळं उपटून तो त्यात रंगीत दिवे सोडणार होता.

बायकोने कधी कोणाकडे काही मागितलेलं नव्हतं. या वेळी भावाला फोन करून ती स्पष्ट म्हणाली, "तो बाबांचा आहे. मला हवाय."

"ताई, बंद खोकं घेऊन काय करणार तू? बरं, पाठवतो तुझ्याकडे. भावोजींनी चालू करून दाखवला तर तुझा. नाहीतर रविवारी येऊन मी घेऊन जातो."

तपासनिसांनी तिथल्या तिथे शब्द दिला. फोन ठेवल्यावर तोंडावर त्यांनी शाखा-तपासणीचा जुना करारी भाव आणला.

त्यांची एक पद्धत होती आणि तिचा त्यांना भारी अभिमान होता. कशालाही हात लावण्याआधी ते फोटो काढत. कोणती तार कुठे, कोणता स्क्रू कुठला, कोणतं बटण कुठे वळलेलं, सगळं खडूच्या खुणा करून टिपत आणि काम झालं की जसं होतं तसं ठेवत. टेबलाभोवती लाल पट्टी चिकटवली होती. बायको फडकं घेऊन आली की ते पट्टीअलीकडेच तिला थोपवत. "लांब राहा! अडीचशे व्होल्ट आहेत आत!"

"मला फक्त पुसायचाय हो. बाबा रोज पुसायचे."

"दुरुस्त झाला की पूस."

तपासणी सुरू झाली. आवाजाच्या बटणामागे स्क्रूड्रायव्हर टेकवला की स्पीकर घूं करी. यावरून त्यांनी निदान केलं की रेडिओचा मागचा अर्धा भाग जिवंत आहे आणि स्टेशन पकडणारा पुढचा अर्धा गेला आहे. निदान ऐकायला इतकं छान होतं की त्यांनी ते दूधवाल्यालाही सांगितलं. मग पुढच्या भागातले कंडेन्सर बदलले. रेडिओ गप्प. दुकानं धुंडाळून नवा व्हॉल्व्ह आणला. तो तापला, लालसर उजळला, आणि रेडिओ गप्प. रेडिओवाल्यांच्या ग्रुपवर त्यांनी कैफियत मांडली, तेव्हा कोणीतरी विचारलं, "काका, बटणं नीट पाहिलीत ना?" काकांना हा अपमान वाटला. बटणं त्यांनी काढून, आतल्या पट्ट्या साफ करून, फोटो बघून अगदी जशी होती तशी बसवली होती.

रविवारी मेहुणा रिकामी गाडी घेऊन हजर झाला. तपासनिसांनी रेडिओ बाहेरच्या खोलीत आणून चालू केला. डायल उजळली. व्हॉल्व्ह तापेपर्यंत तिघेही गप्प बसले. तापल्यावरही गप्पच बसले.

"थोडा वेळ लागतो," तपासनीस म्हणाले.

"हो ना," मेहुणा म्हणाला आणि घड्याळाकडे पाहून न पाहिल्यासारखं केलं. त्या सभ्यपणाने तपासनीस आणखीच मेले. बायकोकडे बघायची त्यांची छाती होईना. आयुष्यात तिने एक गोष्ट मागितली, आणि नेमकी ती आपल्या हाती पडावी!

"मी हरलो," ते म्हणाले. "घेऊन जा."

 बायकोने आत जाऊन फडकं आणलं. "जाण्याआधी पुसते तरी," ती म्हणाली. आता लाल पट्टी नव्हती. तिने वरची फळी पुसली, डायलची काच पुसली, आणि पुसता पुसता कडेचं एक बटण सहज मागे वळवलं.

खट्.

"...आणि रात्री झोपण्यापूर्वी दात घासणे तितकेच महत्त्वाचे," एक बाई खणखणीत आवाजात म्हणाली.

मेहुणा ताडकन उभा राहिला. 

"हे काय केलंस?" तपासनिसांनी बायकोला विचारलं.

"काही नाही हो. हे बटण बाबा तबकडीच्या खुणेवर फिरवून ठेवायचे. ग्रामोफोन जोडायची जागा आहे ती. तिथे असलं की रेडिओ लागत नाही. आमच्या परीक्षा असल्या की हमखास."

"म्हणजे तो बिघडायचा नाही?" मेहुण्याचा आवाज चिरकला. "बाबा म्हणायचे, परीक्षेत याला ताप येतो! मी शाळाभर सांगत फिरायचो!"

"मी बघितलं होतं एकदा. तू झोपलास की हळू लावायचे."

"मला का नाही सांगितलंस?"

"तू पास व्हायला नको होतास का?"

तपासनिसांना कोपऱ्यातला डबा दिसत होता. त्यात त्यांनी उपटून काढलेले सासऱ्यांचे कंडेन्सर होते. सगळे धडधाकट. ज्या खुणेमुळे रेडिओ मुका होता, ती खूण त्यांनी खडूने जपली होती. इतकी लाज त्यांना बँकेतही कोणाला आणता आली नव्हती.

मेहुणा मात्र बटणाकडेच बघत होता. "पण ताई, शेवटी तर बाबा एकटेच होते. परीक्षा कोणाची होती?"

तिने फडक्याची घडी घातली. "कोणाची नाही," मग ती म्हणाली. "आपण अजून घरात आहोत असं वाटत असेल त्यांना."

ती रडायला लागली. मेहुणा खुर्ची ओढून तिच्या शेजारी बसला. रेडिओवरची बाई हिरड्यांविषयी सांगू लागली. बहीणभाऊ हिरड्यांविषयी ऐकत राहिले. जरा वेळाने मेहुण्याने तिथूनच मित्राला फोन लावला आणि दुसरं खोकं बघायला सांगितलं.

तपासनिसांना भरून आलं. आपणही काहीतरी करावं असं त्यांना फार वाटलं. त्यांनी कान टवकारले. आवाजात बारीकशी खरखर होती.

"ही खरखर तेवढी काढून टाकतो," ते स्क्रूड्रायव्हर शोधत म्हणाले.

"हात लावू नका!" दोघं एकदम ओरडले.