व्हॉल्व्ह ट्यूबचा जोड

दगडू गेल्याचा फोन आला तेव्हा मी डेअरीत दुधाचं फॅट तपासत होतो. पुण्याहून त्याची बायको बोलत होती. हृदयविकाराचा झटका, झोपेतच... मला आधी त्याचा रागच आला. जन्मभर लोकांच्या तान्ह्या लेकरांची हृदयं शिवली आणि स्वतःचं एकदा तपासून घ्यायला गड्याला सवड झाली नाही.

आम्ही वडवणीजवळच्या एकाच गावचे, एकाच वर्गातले. त्याचं घर मेंढरं राखणारं. आधीची भावंडं पाळण्यातच गेली, म्हणून याचं नाव दगडू ठेवलं. पुढे मोठा सर्जन झाला तरी दारावरच्या पाटीवर तेच नाव. "लई शोभतं बे तुला," मी चिडवायचो. "त्या नावानंच वाचलो मी," असं म्हणून तो विषय संपवायचा.

डॉक्टरकी शिकत होता तेव्हा सुट्टीत गावी आला की सरावासाठी डेअरीच्या ओट्यावर बसायचा. सायकलची बारीक रबरी व्हॉल्व्ह ट्यूब कापायची, केसासारख्या दोऱ्यानं परत जोडायची आणि आतून पाणी सोडून बघायचं. दुष्काळ होता, गाव टँकरवर. त्याची आई करवादायची, "कावून सांडतो रे पाणी?" तो म्हणायचा, "सांडलं तर माझं चुकलं, आई." म्हातारी खाली वाटी धरायची आणि ते पाणी कोकराला पाजायची.

पुढे माझी लेक जन्मली, तेव्हाही दुष्काळच होता. रंग निळसर. घरात सगळे म्हणाले, आजोबांवर गेली, सावळी आहे. पण दूध पिताना तिला धाप लागायची. दगडूला फोन केला. "जीभ बघ तिची," तो म्हणाला. जीभही निळीच होती. "सावळ्या लेकराची जीभ लालच असती. आत्ताच्या आत्ता बीडला ने, तिथून माझ्याकडं."

माझी आई दारात आडवी उभी. पाचवी पुजल्याशिवाय लेकरू बाहेर काढायचं नाही. सटवाई नशीब लिहायला घरीच येणार ना! दगडूनं फोन तिच्याकडे द्यायला लावला. "काकू, सटवाईला दवाखान्याचा पत्ता मी सांगतो. तुमी पूजेचं सामान घेऊन या." आई सामान घेऊन दूध संघाच्या जीपमध्ये बसली.

पुण्यात त्यानं मला समजावलं ते आमच्या उपसा सिंचन सोसायटीच्या भाषेत. हृदयातून निघणाऱ्या दोन मोठ्या वाहिन्या उलट जोडल्या गेल्यात. शुद्ध रक्त पुन्हा फुप्फुसातच जातं आणि अशुद्ध अंगभर फिरतं. "पायपा बदलता येतात. पण खुद्द हृदयाला रक्त पुरवणाऱ्या दोन बारीक वाहिन्या हायेत, त्याबी सोडवून नव्या जागी बसवाव्या लागतात. त्यांना पीळ पडला की संपलं."

"जगंल का?"

"न्हाई सांगता येत. हात न्हाई लावला तर मात्र जगायची न्हाई."

आईनं वॉर्डाबाहेरच्या स्टुलावर पाचवी मांडली, कोरा कागद आणि पेन ठेवलं. दगडू आत जाताना थांबला. आई म्हणाली, "आता तूच लिही, बाबा." एरवी असल्या गोष्टींची तो टर उडवायचा. त्या दिवशी वाकून पाया पडला आणि आत गेला.

बाहेर आला तेव्हा तांब्याभर पाणी घटाघट प्यायला. मग म्हणाला, "थेंब गळला न्हाई."

पण लेक मोठी झाल्यावर एवढासा जोड पुरणार कसा, हे मला काही केल्या कळेना. तो हसला. "दोरा विरघळून जातो. जोड तिच्यासंगं वाढतो."

लेक आता डेअरीचं सगळं काम बघते, माझ्यावर ओरडतेसुद्धा. दगडूनं जोडलेली एक ट्यूब तिथल्या खिळ्याला अजून लटकते आहे. परवा लेकीनं ती काढली, खाली वाटी धरली आणि आत पाणी सोडलं. रबर जुनं झालंय, जागोजागी तडकलंय. पाणी इकडून तिकडून गळलं. जोड मात्र कोरडा होता.