मामंजींच्या रेकॉर्डी आणि कॅसेटवरचा सारंग

माझ्या सासऱ्यांनी, म्हणजे मामंजींनी, गाणी ऐकणं सोडलं हे आमच्या लक्षात यायला जवळजवळ वर्ष गेलं. घरातला माणूस जेवायचा थांबला तर पहिल्याच दिवशी कळतं. ऐकायचा थांबला तर कळत नाही. घर जरा शांत वाटतं आणि त्या शांततेची सवयच होऊन जाते.

त्यांच्याजवळ साठेक रेकॉर्डी होत्या, सगळ्या शास्त्रीय गाण्याच्या. पगार झाला की नागपूरच्या सीताबर्डी बाजारात जायचं आणि एक रेकॉर्ड काखेत मारून यायचं, असं नोकरीभर चाललेलं. झाकणाचा रेकॉर्डप्लेअर होता, झाकणातच स्पीकर. मी लग्न होऊन लकडगंजातल्या या घरात आले तेव्हा सकाळी भैरवानं जाग यायची. मला त्यातलं काही कळत नव्हतं. सासूबाई म्हणायच्या, "घाबरू नको वं, तो माणूस रडून नाही राहिला, गाऊन राहिला."

मग मामंजींना कंपवात झाला. उजवा हात आधी, मग दोन्ही. चहा अर्धा कप ओतून द्यायचा, शर्टाच्या गुंड्या सासूबाईंनी लावायच्या, एवढं आम्ही बघत होतो. गाण्याचं विचारलं की म्हणायचे, "ऐकून ऐकून कंटाळा आला बाई. किती ऐकन माणूस?" आम्हाला ते खरंच वाटलं.

एका दुपारी मी गव्हाचा डबा न्यायला त्यांच्या खोलीकडे गेले. दार अर्धवट उघडं होतं. मामंजी प्लेअरसमोर बसलेले, रेकॉर्ड फिरत होती. डाव्या हातानं त्यांनी उजव्या हाताचं मनगट घट्ट धरलं होतं आणि त्या दोन हातांत मिळून सुईचा दांडा. दांडा रेकॉर्डच्या वर नुसता थरथरत होता. टेकवला असता तर चरा पडला असता. त्यांनी दांडा परत जागेवर ठेवला, रेकॉर्ड थांबेपर्यंत वाट बघितली, पाकिटात घातली, तीही दोन-तीन प्रयत्नांनी, आणि झाकण लावून टाकलं. मी डबा न घेताच परत आले.

संध्याकाळी मी म्हटलं, "मामंजी, मला सांगत जा ना. मी लावून देत जाईन."

"दुसऱ्याच्या हातानं गाणं ऐकणं म्हणजे दुसऱ्याच्या हातानं जेवणं झालं," ते म्हणाले. "तेही होईनच कधीतरी. आतापासून काहून?"

ते माझ्या डोक्यातून जाईना. आमच्याकडे एक टेपरेकॉर्डर होता. माझे यजमान हिंगण्याला कारखान्यात कामाला, त्यांनी तो क्रिकेटची कॉमेंट्री ऐकता यावी म्हणून रेडिओसकट घेतलेला. त्याची बटणं चांगली अंगठ्याएवढी रुंद. मला वाटलं, सुई नेमक्या जागी ठेवायला हात स्थिर लागतो. बटणाला काय? हात हलला तरी बटण जागचं हलत नाही. सगळ्या रेकॉर्डी कॅसेटवर उतरवल्या तर मामंजींना कोणाचीच गरज लागणार नाही.

यजमान म्हणाले, "कर. पण कॉमेंट्रीच्या वेळी टेप माझा." सीताबर्डीहून कोऱ्या कॅसेटी त्यांनीच आणल्या. दुकानदारानं एक गोष्ट शिकवून पाठवली, की भरून झाली की कॅसेटच्या मागचे दोन छोटे प्लास्टिकचे दात मोडून टाका, म्हणजे चुकून रेकॉर्डिंगचं लाल बटण दाबलं तरी गाणं पुसलं जाणार नाही.

मामंजींना सांगितलं तेव्हा त्यांनी आधी रेकॉर्डींच्या पाकिटांवरून नजर फिरवली. मग म्हणाले, "करायचं असन तं नीट करायचं. भैरव सकाळी, यमन संध्याकाळी. अवेळी एकही राग वाजवायचा नाही."

"अहो मामंजी, हे नुसतं उतरवून घ्यायचं आहे. ऐकताना तुम्ही वेळेवर ऐका."

"उतरवताना वाजतेच न? वाजते म्हणजे वाजते."

झालं. आता रेकॉर्डप्लेअरसमोर टेपरेकॉर्डर ठेवून, त्याच्या जाळीतल्या माइकनं जे येईल ते भरायचं, हीच आमची रीत. तार जोडून भरतात हे आम्हाला कोणाला ठाऊक नव्हतं. म्हणजे घरात आवाज म्हणून करायचा नाही. त्यात रागाची वेळ पाळायची. सकाळचे सोपे होते, साडेपाचला उठायचं, दूधवाला यायच्या आत एक बाजू उरकायची. संध्याकाळचे जमायचे. रात्रीच्यांसाठी मामंजी स्वतःच म्हणाले, "जेवण लवकर करत जाऊ, आठला लावू. एवढं चालते." अडले ते दुपारचे. दुपारच्या सारंगाच्या चार रेकॉर्डी होत्या आणि मे महिना होता.

पण त्याआधी मी एक घोटाळा करून ठेवला तो सांगते. रेकॉर्डींवर वर्षाची धूळ. सुई फिरली की कढईत मोहरी तडतडावी तसा आवाज. मी विचार केला, धुवून टाकू. सारंगाच्या चारही रेकॉर्डी रिठ्याच्या पाण्यानं हलक्या हातानं धुतल्या, मलमलीनं पुसल्या आणि गच्चीवर नेल्या. गच्चीवर सासूबाईंच्या कुरोड्या, म्हणजे कुरडया, वाळत होत्या, खाटेवर जुनं लुगडं अंथरून. एका कोपऱ्यात जागा होती, तिथं मी चारही मांडल्या, तिघी पाण्याच्या टाकीच्या सावलीत आणि चौथी उन्हात. मे महिन्यातलं आमच्याकडचं ऊन आणि मी! कुरोड्या कडकडीत होतात तशा याही होतील असं वाटलं असावं मला, आणखी काय सांगू.

पंधरा-वीस मिनिटांत सासूबाई कुरोड्या परतायला वर गेल्या आणि तिथूनच हाक आली, "अवं, वर ये लवकर! हे काय तळून ठेवलं?"

उन्हातल्या रेकॉर्डीची कड लाटेसारखी उचलली गेली होती. तिघी ठीक होत्या. मी पाकीट बघितलं. मामंजींची सगळ्यात आवडती तीच, कोपरे हाताळून मऊ झालेली. माणूस वर्षभर जे गमावून बसला ते परत द्यायला निघाले आणि त्यातलं सगळ्यात मोलाचं मीच वाळत घातलं.

"सांगून टाक," सासूबाई म्हणाल्या. "लपवशीन तं त्याहून वाईट."

सांगितलं. मामंजींनी रेकॉर्ड हातात घेतली. हात थरथरत होता, त्यामुळे ती लाट आणखीच हलत होती. मला रागावले असते तर बरं झालं असतं. ते फक्त "असू दे बाई" म्हणाले आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. जेवायला उठले नाहीत.

सासूबाई मात्र ती वाकडी रेकॉर्ड घेऊन स्वयंपाकघरात बसल्या. उलटी केली, सुलटी केली. मग मला म्हणाल्या, "पापड वाळताना वाकडा झाला तं काय करतो आपण?"

"कोमट असतानाच पाटाखाली दाबतो."

"मग रडून काहून राहिली? हाही पापडच समज. काळा पापड."

शोकेसच्या दोन सरकत्या काचा आम्ही काढल्या. मध्ये रेकॉर्ड ठेवली. दुसऱ्या दिवशी सकाळच्या कोवळ्या उन्हात जरा तापू दिली, सासूबाई बोट लावून बघत होत्या, तव्यावरची पोळी बघावी तशा. "बस," म्हणाल्या, आणि उचलून आत आणून वर पाटा ठेवला, मसाला वाटायचा दगडी. दिवसभर कोणी हात लावायचा नाही. त्या दिवशी चटणी झाली नाही घरात. संध्याकाळी मामंजी खोलीतूनच विचारते झाले, "सपाट झाली का वं?"

"उद्या उघडू," सासूबाई म्हणाल्या. "घाई केली की पापड पुन्हा फुगते."

उघडली तर बरीच बसली होती. कडेला एका जागी थोडासा उंचवटा राहिला. मामंजींनी डोळ्यांच्या रेषेत धरून बघितली आणि म्हणाले, "दुपारी लाव. पाहू."

आता दुपार म्हणजे काय ते ऐका. आमच्या गल्लीच्या तोंडाशी लाकूड कापायची आरा मशीन. तिचा आवाज म्हणजे दातांत वाळू गेल्यासारखा. ती जेवणाच्या सुट्टीत एक ते दोन बंद. म्हणजे सारंग भरायचा तो त्याच तासात. आणि कूलर? त्याची घरघर तर थेट माइकमध्ये जाणार. कूलर बंद. पंखा बंद. खिडक्या लावून घ्यायच्या, कारण बाहेरून गाड्यांचे आवाज. मे महिन्यात नागपुरात भर दुपारी एक वाजता बंद खोलीत आम्ही तिघं बसलो. यजमान पाळीवर गेले होते, सुटले बिचारे.

मी सुई ठेवली, लाल बटण आणि शेजारचं बटण एकदम दाबलं. तंबोरा सुरू झाला. सुई त्या उंचवट्यावर आली की जराशी वर जाऊन खाली यायची, सूर किंचित झुलायचा, पण तुटायचा नाही. घामाच्या धारा लागल्या होत्या. सासूबाईंनी वारा घ्यायला हातातला विंझणा उचलला तर मामंजींनी बोट ओठावर ठेवलं, कारण त्याची काडी करकरायची. सासूबाईंनी विंझणा खाली ठेवला आणि डोळ्यांनीच माझ्याकडे असं बघितलं की मला हसू दाबता दाबता पदर तोंडात कोंबावा लागला.

मध्यभागी कधीतरी शेजारच्या बाईंनी बाहेरून दार ठोठावलं. "काकू! अहो काकू! सोऱ्या द्या वं तुमचा, माह्या शेवयाचं पीठ भिजून राहिलं!"

कोणी हललं नाही. पुन्हा हाक. मग "झोपले वाट्टे सगळे" असं म्हणून त्या गेल्या. हे सगळं कॅसेटवर आलं. बाजू संपल्यावर मी म्हटलं, "उद्या पुन्हा भरू."

"नाही," मामंजी म्हणाले. घामानं त्यांचा बनियन अंगाला चिकटला होता. "उद्या अशी जमंन का नाही काय माहीत. राहू दे सोऱ्या त्यात."

कूलर लावला आणि तिघंही त्याच्यासमोर एका रांगेत बसलो, तोंड पुढे करून.

जूनमध्ये पाऊस पडेपर्यंत चाललं हे काम. शेवटी पेटीत कॅसेटी लावल्या, प्रत्येकीवर मी मोठ्या अक्षरात नावं लिहिली, मागचे दात मोडले. टेपरेकॉर्डर मामंजींच्या खाटेशेजारी स्टुलावर गेला, आणि यजमानांनी कॉमेंट्रीसाठी शेजारी जाऊन ऐकायचं कबूल केलं, जरा कुरकुर करून. पहिले दोन दिवस मामंजींनी हातही लावला नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी पोळ्या करत होते तर भैरव सुरू झाला. मी उठले नाही. मध्येच बंद झाला, खटखट आवाज आला, कॅसेट उलटी घालताना दोनदा खाली पडली असावी, मग दुसरी बाजू सुरू झाली. एवढं होईपर्यंत माझी एक पोळी करपली.

नंतर नंतर तर अति झालं. वर्षभर सगळ्याला "असू दे" म्हणणारा माणूस पुन्हा हट्टी झाला. एका दुपारी सासूबाई डोळा लावायला पडल्या आणि यांचं सुरू.

"अहो, झोपू द्या न थोडं! सकाळपासून चालूच आहे तुमचं."

"तुले झोप येऊन राहिली तं तिकडच्या खोलीत जाय. माही बाजू संपली नाही अजून."

"बाजू म्हणे! सूनबाई, हे सारं तूच करून ठेवलं."

"हो, मीच," मी म्हटलं.

"मग भोग आता." उशी काखेत मारून सासूबाई तणतणत दुसऱ्या खोलीत गेल्या. पाचेक मिनिटं झाली असतील. तिकडून आवाज आला, "अहो, थोडा वाढवा न. इथं अर्धंच ऐकू येऊन राहिलं."

मामंजींनी हात लांब करून आवाज वाढवला.