डाव्या हाताचं कुंकू

देवावर माझा राग होता, हे आधीच सांगून टाकतो. सैन्यातून निवृत्त होऊन कराडजवळच्या गावी आलो, आता दोघांनी निवांत राहायचं म्हटलं, तर बायकोचा उजवा हात, पाय आणि वाचा एकदमच गेली. अंघोळ घालणं, कूस बदलणं, लुगडं नेसवणं, सगळं माझ्याकडे आलं. वेणी घालायलाही शिकलो. पण ती जेवेना. घास तोंडाशी नेला की मान फिरवायची. पूजा झाल्याशिवाय तिनं कधी अन्न घेतलं नव्हतं, म्हणून पूजाही मीच करून दाखवायचो, तरी तेच. असंच चाललं तर नाकातून नळी घालावी लागेल, असं डॉक्टर म्हणाले.

त्या सकाळी वैतागून खंडोबाला म्हणालो, "माझं सगळं करून झालं. आता तुझं तू बघ." बाहेर पायरीवर बसलो आणि रडलो.

तेवढ्यात माण भागातली एक मेंढपाळ बाई कळशीभर पाणी मागायला आली. शेजारच्या रानात त्यांची मेंढरं बसली होती. पाणी घेतल्यावर ती आत डोकावली आणि थेट हिच्या खाटेपाशी जाऊन वाकली.

"सवाष्णीच्या घरातनं तशीच कशी जाऊ, बाई? कुकू लाव की."

मी म्हणालो, "आवं, तिचा उजवा हात चालत न्हाई. तुमीच लावून घ्या."

"डावा हाय की! हात त्यो हातच."

हिनं डावा हात पदराखाली ओढून घेतला. शुभकार्याला डावा हात तिनं जन्मात लावला नव्हता. बाई मात्र वाकलेलीच राहिली. मी करंडा उघडून धरला. बऱ्याच वेळानं हिचं बोट चाचपडत कुंकवात बुडालं आणि त्या बाईच्या भुवईवर टेकलं. "लय झ्याक," म्हणत बाई कळशी घेऊन गेलीसुद्धा.

मग हिनं देव्हाऱ्याकडे बोट केलं. मी खंडोबाचा टाक तिच्यापुढे धरला. तिनं त्याला स्वतः भंडारा वाहिला आणि माझ्याकडे बघून तोंड उघडलं. वरणभाताचे चार घास गेले.

संध्याकाळी आभार मानायला गेलो, तर मेंढरं पुढच्या रानाला निघून गेली होती. बाईला देवानं पाठवलं की तहानेनं, यावर मी डोकं शिणवत नाही. देवावर भार टाकला म्हणतो खरा, पण थोडा हिच्यावरही टाकायचा असतो, हे त्या दिवशी कळलं.

आता रोजची पूजा तिचीच. खंडोबाच्या नाकाडोळ्यांत भंडारा जातो, त्याची तक्रार नाही. मी ताट वाढून शेजारी बसतो आणि तिचं होईपर्यंत थांबतो.