माळकऱ्याची वाईन

आमच्या घरात वाईन तयार होते, पण ती कुणी पीत नाही. इकडे कुणाला हा शब्दही धड माहीत नव्हता तेव्हा आजोबांनी दिंडोरी रस्त्याच्या आमच्या बागेत दगडी कोठार बांधलं आणि त्यात पहिली पिंपं आणून ठेवली. गळ्यातली तुळशीची माळ मात्र काढली नाही. गावाने यथेच्छ टिंगल केली, माळकऱ्याची दारू म्हणून. आजोबा म्हणायचे, सोनार काय सोनं खातो? वास घ्यायला माळेची हरकत नाही, असं त्यांनीच ठरवून टाकलं होतं. त्यामुळे कुठली टाकी उतरवायची, कुठली कशात मिसळायची, हे सगळं आमच्याकडे नाकाने ठरत आलं. आजोबांमागे ते नाक नानांकडे, माझ्या वडिलांकडे आलं.

बाग बघायला येणाऱ्यांना मी कोठार दाखवते, पण लोक येतात ते नानांसाठी. धोतर-टोपीतले, गळ्यात तुळशीची माळ घातलेले नाना ग्लास नाकाशी धरतात, डोळे मिटतात आणि सांगतात, हिच्यात पिकला पेरू आहे, हिला अजून झोप पाहिजे. घाट चढून आलेली शहाणीसुरती माणसं मान डोलावतात. मला त्याचं हसू यायचं आणि अभिमानही वाटायचा.

मागच्या थंडीत नानांना ताप आला. ताप गेला आणि जाताना वास घेऊन गेला. हे आम्हाला कळलं ते स्वयंपाकघरात. नाना ओट्याशेजारी बसून चहाची वाट बघत होते आणि त्यांच्या हाताशी दूध करपून काळं झालं होतं. आई मागच्या दारातून ओरडत आली तेव्हा नाना म्हणाले, "काय झालं?"

मग सुरू झालं ते वेड्यासारखंच होतं. हिंग, कापूर, ठेचलेला लसूण, ओव्याची पुरचुंडी. नाशिकच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं की वास परत येईल किंवा येणार नाही, आणि वास नसला की चवही गेल्यात जमा असते. नानांनी ते कानाआड केलं. मी रोज सकाळी त्यांच्या नाकाखाली काहीतरी धरायची आणि ते रोज म्हणायचे, आज थोडा येतोय. तो येत नव्हता. त्यांचं खोटं मला कळायचं आणि राग यायचा, त्यांचा नाही, त्या तापाचा.

तोवर बागेत तोडणी संपून टाक्या भरल्या होत्या. पहिली टाकी नानांनी कोठारात उभं राहून पास केली, त्यांना अडवायचं मला जमलं नाही, आणि आम्ही ती पाहुण्यांपुढे ठेवली. एका बाईंनी घोट घेतला, ग्लास खाली ठेवला आणि हळूच मला म्हणाल्या, अहो, हिचा शिरका झालाय, व्हिनेगर. मी स्वतः ती टाकी दिवसभर हुंगत होते. मला सगळ्याच टाक्यांचा आंबट वास येतो. आईलाही तसाच. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार. अख्ख्या घरात एक नाक होतं.

बाहेरून जाणता माणूस आणू, असं मी म्हणाले, तर नाना जेवणावरून उठले. मग मीच चाखते, असं मी म्हणाले, तर नाना म्हणाले, ओठाला कधी न लागलेलं तुला काय कळणार? खरंच होतं ते. दुसरी टाकी तशीच उभी होती. आंबलेल्या रसाला आपली पंचाईत समजत नाही. वेळेत ठरलं नाही तर तीही जाणार होती, आणि तिच्यापलीकडे या वर्षाचं काही नव्हतं.

रविवारी सकाळी पाहुणे यायच्या आत नानांनी मला कोठारात बोलावलं. त्यांनी माळ काढली, डोळ्यांना लावली आणि माझ्या हातात दिली. मी नको म्हणाले, आईला बोलावते म्हणाले. त्यांनी दुसऱ्या टाकीच्या तोटीतून ग्लास भरला आणि आयुष्यातला पहिला घोट घेतला. बराच वेळ तोंडात धरला.

"आंबट पाणी हाय," ते म्हणाले. "बाकी कायच नाय."

डॉक्टरांचं ते चवीबद्दलचं वाक्य मला आठवलं, पण आता ते सांगून काय उपयोग होता? मी त्यांच्या गळ्यात माळ परत घालायला गेले तर त्यांनी हात धरला. आता ती माळ देणाऱ्या महाराजांकडून पुन्हा घ्यावी लागंल, म्हणाले. मला रडू फुटलं. तेवढ्यात फाटकात गाड्या वाजल्या.

नाना बाहेर गेले. मला वाटलं, नेहमीचं बोलतील, पेरू वगैरे, आणि वेळ मारून नेतील. त्यांनी दुसऱ्या टाकीतली वाईन सगळ्यांना दिली आणि विचारलं की कसला वास येतो, सांगा. पाहुण्यांना हा खेळच वाटला. कुणी लिंबू म्हणालं, कुणी नासपती, कुणी ओली माती. नाना एकेकासमोर जाऊन उभे राहत होते, बहिरा माणूस ओठांकडे बघतो तसे त्यांच्या तोंडाकडे बघत होते. आणखी काय, आणखी काय, असं विचारत होते.

"पण चांगली हाय ना?" त्यांनी विचारलं. "बिघडली तर नाय?"

लोक हसले. एक मुलगी म्हणाली, काका, ते तर तुम्हीच सांगायचं. नाना हसले नाहीत. त्यांनी वळून माझ्याकडे बघितलं, हातातला ग्लास माझ्यापुढे केला आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "बाई, तू सांग."

मी ग्लास नाकाशी नेला. सगळे माझ्याकडे बघत थांबले होते, नानाही. मला आंबट वास आला, दर वर्षी येतो तसा.