मल्लव्वाची गैरहजेरी

शुक्रवार पेठेत मल्लव्वानं चाळीस वर्षं कडक भाकरी थापून विकली. नवरा गेला, मुलगा गाव सोडून पुण्यात रमला, आणि सत्त्याहत्तराव्या वर्षी ती कुंभारीच्या वाटेवरच्या वृद्धाश्रमात आली. तिथंही अंगणात पहाटेच्या दहा फेऱ्या आणि स्वतःचं लुगडं स्वतः धुणं तिनं सोडलं नाही.

मग कुणा दात्यानं व्यायाम घेणारा यंत्रमानव दिला. कंबरेएवढा, गोल डोळ्यांचा, बातम्या सांगणाऱ्या बाईच्या आवाजाचा. रोज सातला तो खोल्याखोल्यांतून फिरे, ‘हात वर करा’ म्हणे आणि हजेरी लावी. शेजारच्या खोलीतले सिद्धलिंगप्पा गादीवरून न उठता डोकं खाजवायला हात वर नेत. त्यांना रोज शाबासकी. मल्लव्वा त्या वेळी डाव्या तळहातावर इष्टलिंग घेऊन पूजेला बसलेली असे. हात हलत नसे, नजर ढळत नसे. यंत्र तीनदा विनवी आणि ‘हालचाल नाही’ अशी नोंद करून पुढं सरके.

तिनं आठची वेळ मागितली. व्यवस्थापक उदयसिंह म्हणाले, यंत्राची वेळ बदलत नाही, देवाची बदला. पहाटे अंगणात डोकावण्याचे कष्ट त्यांनी कधी घेतले नाहीत.

महिन्यानं अहवाल आला. तीस दिवस हालचाल नाही, म्हणजे अंथरुणाला खिळलेली; रवानगी अंगणापलीकडच्या दालनात. त्या दालनाला बाहेरून कडी असे. आत गेलेलं कुणी पुन्हा पायांवर बाहेर आलं नव्हतं. मल्लव्वाला मरणाची भीती नव्हती, त्या कडीची होती.

उदयसिंह चाकांची खुर्ची घेऊन आले.

“बसा, आजी.”

“मी चालते की.”

“अहवालात तुम्ही चालत नाही. बाहेर दात्यांची माणसं आलीत, तमाशा नको.”

मल्लव्वानं खुर्चीवर आपली ट्रंक ठेवली, वर गादी ठेवली आणि खुर्ची ढकलत सरळ अंगणात आली. पाहुण्यांतल्या एका बाईंनी कौतुकानं विचारलं, ह्या मावशी इथं कामाला आहेत का?

मल्लव्वा थांबली. “सायेब, सांगा की बाईंना, मी कोण हाय. मग लावा कडी.”

उदयसिंहांनी एकदा हातातल्या अहवालाकडं, एकदा खुर्चीकडं पाहिलं.

“नवीन सेविका आहेत,” ते म्हणाले.

सेविकेला कोंडून ठेवायचा नियम आश्रमात नव्हता. मल्लव्वानं खुर्ची वळवली आणि आपल्या खोलीकडं ढकलत नेली. उदयसिंह धापा टाकत मागून आले.