सुनंदाताई आणि ‘परत’ नावाची लिंक

सुनंदाताई आज सकाळी गेली. कृपा करून कमेंटमध्ये ‘बिचारी’ लिहू नका.

ती कधीच बिचारी नव्हती. बेलापूरची, कॉम्प्युटरचा डिप्लोमा केलेली आणि एक नंबरची भांडखोर.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. नागापूर एमआयडीसीत आमची कंपनी. मी पॅकिंगला, ती शेजारच्या कॉम्प्युटर रूममध्ये.

ड्रॉइंगचं अख्खं फोल्डर, आतल्या सगळ्या फोल्डरांसकट, पुण्याच्या गिऱ्हाइकाला फोन लाइनवरून पाठवायचं होतं. मधे कुणी वाचू नये म्हणून सिक्युअर पद्धतीनं.

अपलोड काही संपेचना.

शेवटी गिऱ्हाइकाचाच फोन आला. “आमची डिस्क भरली हो! तुमच्या फोल्डरात तेच फोल्डर, त्याच्या पोटात पुन्हा तेच!”

मॅनेजर आम्हा सगळ्यांसमोर ओरडले, “बाईच्या हातात मशीन दिलं की हेच होणार. उद्यापासून पॅकिंगला बसा.”

ताई जागची हलली नाही.

“आधी माझी चूक दाखवा. आन् पॅकिंग ही काय शिक्षा हाय व्हय? मानसं काम करत्यात तिथं.”

मग ती एकेक फोल्डर उघडत गेली. सगळ्यात आतल्या फोल्डरात एक लिंक सापडली. नाव ‘परत’.

मॅनेजर साहेबांनीच करून घेतलेली. आत शिरल्यावर एका झटक्यात मुख्य फोल्डरला परत येता यावं म्हणून. अपलोड त्या लिंकवरून मुख्य फोल्डरला यायचं आणि सगळं पहिल्यापासून पाठवत सुटायचं.

“साहेब, तुमचं परत म्हंजी मागं. मशीनचं परत म्हंजी पुन्यांदा!”

आम्ही पॅकिंगवाल्या पोट धरून हसलो.

तिनं लिंक काढली. फोल्डर बिनबोभाट गेलं.

साहेब म्हणाले, “झालं ना? सोडा आता.”

“न्हाई सोडनार. बोललात सगळ्यांसमोर, माफी बी सगळ्यांसमोर.”

“चुकलं माझं.”

“मागं ऐकू न्हाई आलं.”

मोठ्यानं म्हणावं लागलं त्यांना.

आज तिच्या दारात कुणीतरी हळूच म्हणालं, “जरा नमतं घेतलं असतं, तर खूप पुढं गेली असती.”

मी तिथंच सुनावलं.

मला कॉम्प्युटर शिकायचाय म्हटल्यावर तिनं मला तिच्या शेजारच्या मशीनवर बसवलं. साहेब नाही म्हणाले, तर माझ्यासाठीही भांडली. त्या मशीनवर माझं घर उभं राहिलं, पोरी शिकल्या.

तिनं नमतं घेतलं असतं, तर मी कुठं असते?

ताई, रडतेय मी. पण मान खाली घालून नाही.

जय भीम.