पुढची सीट आणि कोऱ्या कापडाचा फिल्टर

नणंदेची गाडी आमच्या दारात उभी असायची, त्यामुळे टेमघरात लोक मलाच गाडीवाली समजायचे. त्याचा मला कोण राग! गाडी नणंदेच्या नवऱ्याने जुनीच घेतली होती. त्यांची गल्ली इतकी अरुंद की सायकलसुद्धा तिरकी न्यावी लागे, आणि त्यांना गाडी चालवता येत नव्हती ते वेगळंच. चालवायचे आमचे हे. म्हणजे धुणं-पुसणं आमच्याकडे, आणि काच खाली करून वारा खायला वन्सं. नुसतं बाजारापर्यंत जायचं असलं तरी त्या पुढे, आपल्या दादाच्या शेजारी, आणि मी मागे पिशव्यांसोबत.

मला एकच हवं होतं. एकदा दिघाशीला, माझ्या माहेरी, पुढच्या सीटवर बसून जायचं. आईच्या दारात गाडी थांबावी, मी दार उघडून खाली उतरावं, सगळ्या आळीने बघावं. बस्स. लग्नाला इतकी वर्षं झाली, दर वेळी आपली एसटी, आणि मग धुळीतून पायपीट. शेवटी ह्यांनी कबूल केलं, शुक्रवारी नेतो. शुक्रवारी आमच्या कारखान्यातले कापडाचे लूम बंद असतात. आईला निरोपही गेला.

आणि नेमकी त्या सकाळी गाडी खोकायला लागली.

इंजिनावर पत्र्याचा एक गोल डबा असतो, त्यात हवा गाळणारा कागदी फिल्टर. ह्यांनी तो ओट्यावर आणून उघडला, तर आत कागद दिसतच नव्हता. गाडी घराला लागून असलेल्या आमच्या कारखान्याच्या दाराशी उभी, लूममधून कापसाचा तूस उडणारच. तो बसून बसून आत चांगली गोधडी झाली होती. नवा फिल्टर मुंबईहून आणावा लागणार होता. वन्सं तोवर येऊन ठेपल्याच होत्या.

“दादा, मग आजचं राहिलं का रे?” त्या इतक्या गोड आवाजात म्हणाल्या की माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. माहेर माझं, आणि हळहळ वन्संची!

“कापडाच्या गावात राहतो आपण,” हे म्हणाले. “कागदावाचून काय अडलंय?”

कारखान्यातून ह्यांनी लूमवरून उतरलेलं कोरं कापड आणलं, खळसुद्धा न काढलेलं. भाऊबहिणीने दोन तुकडे उजेडात धरून पाहिले. विरळ होतं ते बाजूला टाकलं, घट्ट विणीचं उचललं. आमच्या धंद्यात घट्ट ते चांगलं. उजेड आरपार दिसला की व्यापारी तोंड वाकडं करतो. मलाही तेच बरोबर वाटलं. मी मशीनवर बसून चुण्या घातल्या, गोल शिवून दिलं. माझ्या स्टोव्हची पिन कधीची मोडून पडली होती, तिच्याकडे बघायला ह्यांना सवड नव्हती. बहिणीच्या गाडीसाठी मात्र बनियन घामाने भिजलं तरी चालत होतं. फिल्टर डब्यात बसला तेव्हा ह्यांनी हाक मारली ती बहिणीला. “ये, बघ कसा झालाय.” शिवायला मी, बघायला ती.

मी साडी बदलून बाहेर आले, तर वन्सं पुढच्या सीटवर बसलेल्या.

“वहिनी, मागे ऐसपैस बसा तुम्ही.”

मी ह्यांच्याकडे पाहिलं. हे आरसा सारखा करण्यात गुंग. बसले मागे. काय करणार?

सपाट रस्त्यावर गाडी कशीबशी चालली. दिघाशी जवळ आलं आणि शेवटच्या चढाला तिने जीव टाकला. ह्यांनी बॉनेट उघडलं, डब्यात डोकावले आणि कपाळाला हात लावला. खळीचं कोरं कापड, तेही निवडून घेतलेलं सगळ्यात घट्ट. त्यातून गाडीला हवा मिळणार कुठून? वन्सं हसत सुटल्या, मग हेही हसले. माझ्या माहेरच्या वेशीवर दोघं भाऊबहीण पोट धरून हसत होती आणि मी मागच्या सीटवर.

“या तुम्ही सावकाश, तुमच्या गाडीतून,” असं म्हणून मी खाली उतरले आणि तरातरा चालायला लागले.

आई दारात भाकरतुकडा घेऊन उभी होती. आजूबाजूच्या बायका नटून थटून जमल्या होत्या. मला एकटीला बघून, बायकांचं लक्ष जायच्या आत ती लगबगीने पुढे आली आणि तिने मला झाडाआड ओढलं.

“चालत आलीस? गाडी कुठं हाय?”

“चढाला बंद पडलीय.”

“अगो बाय, मी सगल्यांना सांगून ठेवलंय, माजी लेक गाडीतनं येनार हाय. असं न्हाय यायचं. जा मागं. गाडीत बस नि मंग ये.”

गेले मागे.

वळणावर गाडी समोरून आली, छान पळत होती. ह्यांनी फिल्टर काढून टाकला होता. पुढे वन्सं. मी एसटीला करतात तसा हात केला. गाडी थांबली. वन्संनी माझ्या तोंडाकडे पाहिलं, धुळीने भरलेल्या पायांकडे पाहिलं. दार उघडून उतरल्या आणि मागे जाऊन बसल्या.

“वहिनी, पुढे बसा.”

आवाजात टोमणा नव्हता. टोमणा असता तर मी चांगलं उत्तर दिलं असतं.

आईच्या दारात ह्यांनी हॉर्न वाजवला. बायका गाडीभोवती गोळा झाल्या. आईने भाकरतुकडा ओवाळून टाकला, माझ्या गालांवरून हात फिरवून बोटं मोडली. मी दार उघडून खाली उतरले. जसं मनात धरलं होतं, अगदी तसंच सगळं झालं. पण बसले तेव्हा सीट वन्संच्या अंगाने गरम होती. आईच्या दारापर्यंतचा तो एवढासा रस्ता, मला पाठ टेकून बसवलं नाही.